ह्यांच्यासाठी आणलेला हायब्रिड

आमच्या ह्यांच्याबद्दल मला कुणी काही शिकवायला जाऊ नये! आधी कुठल्या पायात मोजा घालतात, खोटं बोलताना कुठला कान खाजवतात, सगळं तोंडपाठ आहे. म्हणून तर त्यांचा गोल्फचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, आणायला मी एकटीच गेले.

झालं असं, की खांद्याच्या ऑपरेशननंतर ह्यांचा चेंडू उडेनाच. लांब पल्ल्याचा आयर्न, म्हणजे पातळ लोखंडी पात्याचा क्लब, जिवाच्या आकांतानं मारावा, आणि चेंडूनं आजारी बेडकासारखं चार उड्यांत बसकण मारावी! हे घरी यायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. एक दिवस म्हणाले, "रविवारी सगळे क्लब देऊन टाकतो कुणाला तरी." आरडाओरडा केला असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण ते फार हळू बोलले. मी तडक दुकान गाठलं.

दुकानदारानं ऐकून घेतलं आणि एक क्लब माझ्या हातात दिला. "काकू, हा हायब्रिड. आयर्न आणि जाड डोक्याचा वूड, दोन्हींच्या मधला."

काळंभोर, गुबगुबीत डोकं, छोट्या वांग्याएवढं! वजन सगळं तळाशी.

"म्हणून चेंडू सहज उचलला जातो. हातालाही झटका बसत नाही," तो म्हणाला. "काका डावखुरे की उजवे?"

"डावखुरे!" मी तोऱ्यात सांगितलं. लिहितात, जेवतात, भांडताना नाचवतात, तो हात डावाच की!

रविवारी मी ह्यांच्याबरोबर मैदानावर गेले. आयुष्यात पहिल्यांदा! इतकी वर्षं त्यांच्या बुटांचा चिखल काढला, पण तो लागतो कुठे, हे कधी बघितलं नव्हतं. सगळ्यांसमोर क्लब पुढे केला. ह्यांनी तो उलटा केला, सुलटा केला.

"अगं, हा डावखुऱ्याचा आहे!"

"मग तुम्ही कोण?"

"मी गोल्फ उजवा खेळतो!"

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून! शिकलो तेव्हा इथे डावे क्लब होतेच कुठे?"

ह्यांचा मित्र, दातांचा डॉक्टर, पोट धरून हसला. "वहिनी, नवरा तरी हाच ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा तोंडपाठ असलेल्या माणसाचं अर्धं आयुष्य मी पाहिलंच नव्हतं की काय!

हे मात्र डॉक्टरवर चिडले. ताडताड सरावाच्या कोपऱ्यात गेले आणि डावखुऱ्यासारखे चेंडूच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. पहिल्या फटक्यात नुसतं गवत उडालं. दुसरा चेंडू डॉक्टरच्या पायांमधून गेला. डॉक्टर हसायचा थांबला! तिसऱ्याला "टप्" असा मऊ आवाज आला, आणि चेंडू वर, आणखी वर...

हे बघतच राहिले. "अगं, खांद्याला कळलंसुद्धा नाही!"

क्लब देऊन टाकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. परतताना म्हणाले, "उद्यापासून तूही येत जा."

मी हरखलेच. "तुमचा खेळ बघायला?"

"बघायला कसली? डाव्या हातानं मारलेले चेंडू वाटेल तिकडे जातात. शोधणार कोण?"

जाते रोज. ह्यांचे सोडून बाकी सगळ्यांचे सापडतात!