बारा टोकनं आणि एक कोट

संग्रहालयाचे साहेब अकराला यायचे होते, आणि साडेदहाला शिंपीमास्तरांच्या डबीत टोकनं भरली अकरा. हवी होती बारा.

युद्धाच्या काळात सुटे पैसे मिळेनासे झाले, तेव्हा गावातल्या बेकरीवाल्याने एक ते बारा आकड्यांची पितळी टोकनं पाडून सुट्याऐवजी दिली होती. परत आलेल्या टोकनाला तो दोन भोकं पाडी, म्हणजे ते पुन्हा चालत नसे. मास्तरांच्या बायकोने घरोघर विचारत तीस वर्षांत बाराही आकडे जमवले. सातचं तेवढं भोकांचं मिळालं. संच पुरा असेल तरच संग्रहालय तो घेणार होतं आणि खाली तिच्या नावाची पाटी लावणार होतं. पाटी बघायला ती आता नव्हती. म्हणून तर मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता.

"सूनबाई, या डबीला कुणी हात लावला?"

"मीच, मामंजी. एका कोटाला बटण कमी पडत होतं. डबी मशीनवर उघडीच होती, त्यात दोन भोकांचं एकच सापडलं. काय शोभलंय म्हणून सांगू!"

"कुणाचा कोट?"

"ते नाही विचारलं. शिपाई घेऊन गेला सकाळी. तपकिरी. पोटात बेचाळीस."

गळ्यातल्या टेपसकट मास्तर रस्त्यावर धावले. दिसेल त्या तपकिरी कोटाच्या पोटाकडे वाकून बघू लागले. एका गृहस्थाने विचारलं, "माझ्या पोटात काही हरवलंय का तुमचं?" दुसऱ्याने काही न विचारता छत्रीच उगारली.

घामाघूम होऊन परतले, तर साहेब येऊन बसलेले. तपकिरी कोटात. पोटावरच्या बटणावर सातचा आकडा चकाकत होता.

"अकराच?" साहेब म्हणाले. "संच अपुरा. पाटीचं विसरा."

"साहेब, तुमचं बटण सैल झालंय. कोट द्या, दोन मिनिटांत..."

"चांगलं घट्ट आहे की."

"मग फारच घट्ट आहे. श्वास कोंडेल."

"मास्तर, आल्यापासून माझ्या पोटाकडे काय बघताय?"

मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. साहेब मान खाली घालून स्वतःचं पोट न्याहाळत राहिले. सूनबाईने हळूच कात्री पुढे केली.

"खबरदार!" साहेब ओरडले. "मी पाहिली म्हणजे वस्तूची नोंद झाली. समितीच्या परवानगीशिवाय तिला कात्री लावता येत नाही."

"समिती कधी बसते?"

"सहा वर्षांत बसलेली नाही."

 मग साहेबांनी सावकाश कोट उतरवला.

आता काचेच्या कपाटात अकरा टोकनं आहेत, शेजारी कोट आहे, आणि पाटीवरच्या नावाखाली देणगीत कोटही धरलाय. मास्तर दर रविवारी जाऊन पाटी वाचून येतात. साहेब मात्र त्या कपाटासमोरून नुसत्या शर्टावर ये-जा करतात. थंडीतसुद्धा.