खाली ठेव

झाशीत गजाननरावांच्या अंगणातलं पर्जन्यमापक सरकारी होतं, पण त्याचा तोरा ते स्वतः मिरवत. ढगात मीठ फवारलं की पाऊस खरंच वाढतो का, हे तपासणाऱ्या प्रयोगात त्यांची लेक मुग्धा काम करत होती. विमान कधी मीठ फवारून येई, कधी नुसतंच फिरून. कुठल्या दिवशी काय केलं ते बंद पाकिटात असे, कारण ते आधी कळलं तर मोजणारा मनानेच दोन मिलिमीटर वाढवतो.

"बाबा, एक नोंद चुकली तर हे मापक दतिया गेटच्या नानासाहेबांकडे जाईल," मुग्धाने बजावलं होतं.

नानासाहेबांच्या नुसत्या नावाने गजाननरावांचा चहा गार होत असे.

प्रयोगाच्या शेवटच्या दिवशी त्यांना भाच्याकडे बबीनाला जावं लागलं. तिथे आभाळ भरून आलं आणि त्यांना आठवलं, कुत्र्यांच्या भीतीने मापक आपण स्टुलावर चढवलंय! उंचावर वारा पाऊस उडवून नेतो. त्यांनी सुनेला फोन लावला. आभा झाशीतल्याच हिंदी घरातली. तिला मराठी कळायचं, पण हिंदीच्या वाटेने.

"आभा, ते मापक खाली ठेव. पाऊस थांबेपर्यंत खालीच राहिलं पाहिजे हं!"

"जी बाबूजी, बिलकुल खाली रखूँगी."

सकाळी गजाननराव गुडघाभर पाण्यातून घरी पोचले. आभाने चहा दिला. तो खारट लागला, पण सुनेचं मन कशाला मोडा, म्हणून त्यांनी आग्रहाचा दुसरा कपही संपवला. साडेआठला मुग्धा वही घेऊन आली. मापक स्टुलावरच होतं आणि आत थेंब नव्हता.

"सगळ्या शहरात सेहेचाळीस मिलिमीटर आणि आपल्याकडे शून्य?" मुग्धा रडवेली झाली.

"आपने ही तो कहा था, खाली रखना!" आभा म्हणाली. "छाता लेकर नऊ वेळा आले मी. पाणी साचलं की खाली केलं."

"अगं, खाली म्हणजे जमिनीवर!" गजाननराव मटकन बसले. "गेलं मापक नानासाहेबांकडे!"

"पण पाणी फेकलं नाही," आभा घाबरत म्हणाली. "झाशीत पाणी कोण फेकतं? घागरीत आहे. बस, नळ आला नव्हता, तर चाय..."

मुग्धाने घागर मोजली. बेचाळीस. मग गजाननरावांनी प्यायलेला कप दोनदा पाण्याने भरून मोजला. सेहेचाळीस! रात्री वारा नव्हता, म्हणून स्टूलही नडलं नव्हतं. तिने सुस्कारा टाकला आणि झाला प्रकार शेऱ्यासकट वहीत लिहिला.

"आणि मीठ फवारलं होतं, याचा साक्षीदार मी!" गजाननराव ताठ झाले. "चहा चांगला खारट होता. नानासाहेबांना जमलं असतं हे?"

नोंद झालीच होती, म्हणून मुग्धाने त्या दिवसाचं पाकीट फोडलं. चिठ्ठीवर एकच शब्द होता: 'खाली'.

"मराठीतलं की हिंदीतलं?" गजाननरावांनी दबकत विचारलं.

"हिंदीतलं, बाबा. विमान रिकामंच फिरलं. मीठ नव्हतंच."

"मग चहात कुठून आलं?"

आभाने फळीवरच्या साखरेच्या डब्याकडे पाहिलं, शेजारच्या डब्याकडे पाहिलं, आणि मग ती खाली बघू लागली. मराठीतलं खाली.