काजळीचा कण आणि निर्मळ काढा

एका जंगलात, बाळांनो, ताप सगळ्यांना यायचा. फक्त कासवाला यायचा नाही. त्याला उभ्या जन्मात साधी शिंकसुद्धा आली नव्हती. म्हणून औषध-परीक्षण समितीचं अध्यक्षपद त्यालाच दिलं होतं.

त्याच जंगलात भुरी नावाची सशीण राहायची. एके दिवशी तिचा बारक्या तापानं फणफणला. ती धावत मुंगूसवैद्याकडे गेली. वैद्य सातविणीची साल उकळून काढा करायचा. तो इतका कडू, की पिणारा तोंड वाकडं करायचा आणि ताप पळायचा.

पण वैद्य कपाळाला हात लावून बसला होता.

"काढा द्यायला बंदी आलीय, भुरे. त्यात चुलीची काजळी सापडली. एक कण. मी म्हटलं, उद्यापासून गाडग्यावर झाकण ठेवतो. तर म्हणाले, झाकण ठेवलं की तो नवा काढा झाला. त्याची परीक्षा पहिल्यापासून!"

भुरी तशीच समितीपुढे गेली.

"काजळी ही धुराची लेक," घुबडशास्त्री सांगत होते. "धूर वणव्याचा भाऊ. कुळच वाईट!"

नियमाप्रमाणे दुसरं स्वतंत्र मत घ्यायचं होतं. ते घुबडशास्त्र्यांच्या भाच्यानं दिलं. "मामा म्हणतात ते खरं आहे."

"पण होतं काय त्या काजळीनं?" भुरीनं विचारलं.

"पिणाऱ्याला लगेच काही होत नाही," घुबडशास्त्री म्हणाले. "आतल्या आत घडण बिघडते. मग पुढच्या पिढीत सशाला शिंगं फुटतात."

"किती काजळी पोटात गेल्यावर?"

प्रश्न शहाणपणाचा होता. त्यामुळे समितीतले सगळे कासवाकडे बघू लागले.

"रोज वाटीभर काढा," कासव सावकाश म्हणालं, "दोनशे वर्षं घेतला तर."

"अहो आजोबा, ताप दोन-चार दिवसांचा! आणि आम्ही ससे जगतो किती?"

"ते तुमचं तुम्ही बघा. समितीनं आयुष्याचं माप माझ्यावरून घेतलंय."

भुरीला रडू फुटलं. "आधी माझं पोर तर जगू द्या! नातवंडाला शिंगं फुटली तर फुटली. कोल्ह्याला भोसकायला तरी होतील."

समितीत कोल्हा होता. त्यानं ताबडतोब विरोध नोंदवला.

तरी समिती दुष्ट नव्हती, बरं का. तिनं काढा शुद्ध करायचं ठरवलं. आधी वाळूतून गाळला. मग फडक्यातून. काजळी पुरती जावी म्हणून शेवटी कोळशातून गाळला. प्रत्येक वेळी घुबडशास्त्री आत डोकावायचे आणि म्हणायचे, "अजून थोडा रंग आहे." अखेर काढा झऱ्याच्या पाण्यासारखा नितळ झाला. टाळ्या पडल्या. 'निर्मळ काढा' असं नाव ठेवून पहिली वाटी भुरीला दिली.

बारक्यानं ती गटागटा प्यायली आणि आणखी मागितली. तेव्हाच भुरीला शंका आली. औषध कुणी मागून घेतं होय?

ताप तसूभर उतरला नाही. पोर डोळे उघडेना. भुरी पुन्हा वैद्याच्या दारात आली.

वैद्यानं तिच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या गाडग्याकडे. त्याच्या तळाशी जुना काढा थोडा उरला होता.

"मी जरा चूल सारवतो," तो म्हणाला. "चूल सारवताना मला पाठीमागचं दिसत नाही."

आणि तो खरंच पाठ फिरवून सारवत बसला, चूल सकाळीच सारवलेली असताना.

काळपट, कडूजहर काढा पोटात जाताच बारक्या थुंकला, ओरडला, आईला चावला. भुरीला इतका आनंद कधी झाला नव्हता. उजाडेपर्यंत त्याला दरदरून घाम आला आणि ताप उतरला.

समिती वाजतगाजत बिळाशी आली. "पाहिलंत? निर्मळ काढ्याचा गुण!" कासवानं भुरीला विचारलं, "काय गं, आला ना गुण?"

भुरीनं खेळणाऱ्या बारक्याकडे पाहिलं. मग तिच्या डोळ्यांपुढे वैद्य आला.

"आला हो, आजोबा," ती म्हणाली. "तुमच्यामुळंच."

त्या दिवसापासून जंगलात निर्मळ काढाच मिळतो. आणि वैद्याची चूल फारच वरचेवर सारवली जाते.

तात्पर्य : औषधातला दोष समूळ घालवायचा असेल, तर औषधच काढून टाकावं. रोगी बरा झालाच, तर श्रेय घ्यायला वेळेवर हजर राहावं.