मोगऱ्याचा वॉर्ड

रहांगडालेबाईंकडे मोगऱ्याच्या फांद्या बघायला जायचं असेल, तर आधी साबणाने हात धुवावे लागतात. मग मागच्या पडवीत प्रवेश. तिथे कापलेल्या पाण्याच्या बाटल्यांमध्ये, ओल्या रेतीत, फांद्या ओळीने उभ्या असतात. प्रत्येकीवर प्लास्टिकची पिशवी उलटी घातलेली.

"हळू बोल. पेशंट हायेत," बाई दटावतात.

बाई आमच्या सडक अर्जुनीतल्या शेजारीण. आयुष्यभर सरकारी दवाखान्यांत नर्स होत्या. इथले निम्मे लोक त्यांच्या हातावर जन्मले आणि उरलेल्यांना त्यांनी सुया टोचल्या, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती होत नाही. रिटायर झाल्या आणि मोगऱ्याच्या मागे लागल्या. गुलाबाचं नाव काढलेलं खपत नाही. "गुलाब नखरे करते. मोगरा सांगतलेलं आयकते."

कुणाच्या अंगणात मोगरा दिसला की बाई फाटक उघडून सरळ आत. पर्समध्ये उकळलेलं ब्लेड असतंच. पेन्सिलीएवढी फांदी पेराखाली तिरकी कापायची, खालची पानं काढायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची. घरमालक बाहेर येईपर्यंत सगळं आटोपलेलं.

एकदा गोंदियाला लग्नाला गेलो होतो. अक्षता पडल्या आणि बाई गायब. शोधत मंगल कार्यालयाच्या मागे गेलो, तर वॉचमनने त्यांना पकडलेलं.

"मॅडम, ये क्या कर रहे हो?"

"ऑपरेशन. फांदी पकड. हलवू नको."

त्याने पकडली. वर "और काटूँ क्या?" असंही विचारलं.

त्याच फांदीचं रोप त्यांनी माझ्या बायकोला, सुषमाला दिलं. दिलं म्हणजे आमच्या घरी हलवलं, ताबा बाईंचाच. रोज संध्याकाळी राउंड. मातीत बोट घालायच्या, पान उलटून पाहायच्या, पाणी जास्त झालं म्हणून मला झापायच्या. मुळं धरली की नाही हे पाहायला मी एकदा रोप जरासं ओढलं, तेवढ्यात बाई दारात.

"काऊन रे? पोरगं वाढून राहिलं का नाही, हे पाहाले मायचं पोट उघडतेत का?"

राउंड झाला की चहा. चहाबरोबर गोष्टी. दरेकशाच्या जंगलात, नाल्याला पूर आलेला असताना कंदिलाच्या उजेडात केलेलं बाळंतपण तर त्यांनी इतक्यांदा सांगितलं, की कंदिलाची काच कधी तडकते हे सुषमाला पाठ झालं होतं. तरी ती दर वेळी "अगंबाई!" म्हणायची.

मग रोपाला कळ्या आल्या. बाईंनी चष्मा पुसून पाहिलं आणि जाहीर केलं, "डिस्चार्ज."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. सुषमा चहाचं आधण ठेवून फाटकाकडे बघत राहायची. शेवटी एका संध्याकाळी तिने कुंडी उचलली आणि मला म्हणाली, "चला."

बाईंचं दार उघडंच होतं. टीव्ही चालू होता, समोर कुणी नव्हतं. बाई पडवीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या. सगळे पेशंट आपापल्या घरी गेले होते.

"काऊन आले?" बाई उठल्या.

"बाई, पानं पिवळी पडून राहिली याची," सुषमा म्हणाली.

मी कुंडीकडे पाहिलं. पानं हिरवीगार होती. दोन फुलंही उमललेली.

बाईंनी चष्मा लावला. एकेक पान उलटून पाहिलं, वरून, खालून. मग बराच वेळ सुषमाकडे पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या. "डिस्चार्ज द्याले मीच घाई केली. रोज येऊन पाहा लागन याले."

आणि कुंडी माझ्या हातात देऊन त्या घराचं कुलूप शोधायला लागल्या.