अकरा रिळांचा फौजदार

"मालक, ठाणेदारसाहेब येऊन राहिले! बाईसाहेबबी हायेत संग!"

सिनेमाचे मशीन चालवणारा विनायक धावत तंबूत शिरला, तेव्हा पुंडलिकराव पडद्याची सुरकुती काढत होते. त्यांचा हात तिथेच थांबला.

भीतीचे कारण साधे होते. राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. त्यामुळे पुंडलिकरावांच्या फिरत्या टॉकीजचा परवाना नव्याने काढणे भाग होते. ठाणेदार केशवरावांचा शेरा उद्यापर्यंत मिळाला नाही, तर तंबू गुंडाळावा लागणार होता. आणि सध्या लागला होता 'चौथी चौकी', एका लाचखाऊ फौजदाराचा सिनेमा! चित्र अव्वल दर्जाचे. पण त्यात एकही गाणे नसल्यामुळे नागपुरात ते चार दिवसांत उतरले, आणि पांढुर्ण्यात दोन दिवसांत सतरा माणसांनी पाहिले.

"विनायक, ज्याच्यात फौजदार पैसे खाते, थे रिळं कोणते?"

"पाचवं, सहावं अन् नववं."

"तिन्ही ठेवून दे बाजूले."

"मालक! एवढा चांगला सिनेमा कापता काहून? इंजिनाचा व्हॉल्व काढून गाडी चालन काय?"

"उतारावर चालते. शेरा भेटेपर्यंत उतारच हाय."

मशीन एकच असल्यामुळे प्रत्येक रिळानंतर खेळ थांबत असे. मधली तीन रिळे गेली तरी कोणाला कळण्याचे कारण नव्हते. इकडे ठाणेदार सपत्नीक सिनेमाला आल्याची वार्ता बाजारात पसरली आणि सहाच्या खेळाला नदीपलीकडच्या सावरगावातूनही माणसे आली. तंबू गच्च भरला.

पहिल्या चार रिळांत फौजदाराचे गरीब बालपण, आईचा आशीर्वाद आणि वर्दीची शपथ होती. लोक हळहळले. त्यानंतर एकदम सातवे रीळ लागले. त्यात फौजदाराची बायको सोन्याच्या बांगड्या त्याच्या अंगावर फेकते. त्या कुठून आल्या, हे सहाव्यात होते.

"अवो बाई!" ठाणेदारीणबाई विजयमाला उभ्याच राहिल्या. "नवरा बांगड्या आणून राहिला, अन् हे फेकून राहिली!"

"घरातच वैरी हाय बिचाऱ्याच्या!" बायकांच्या बाजूने दुजोरा आला.

दहाव्यात एका कारकुनाने फौजदाराविरुद्ध अर्ज केला. तंबू खवळला. "हान त्या चुगलखोराले!" अशी आरोळी उठली आणि पडद्यावर संत्र्याची साले आदळली. शेवटच्या, चौदाव्या रिळात फौजदार कोर्टात खाली मान घालून गप्प उभा राहिला. मूळ चित्रात ती मान शरमेने झुकलेली होती. इथे तिच्यात साधूची सोशिकता दिसली. हुंदक्यांनी तंबू भरला. मशीनमागे विनायकने कपाळाला हात लावला.

दिवे लागले. केशवरावांचे डोळे लाल झाले होते.

"पुंडलिकराव, असा सिनेमा म्या जिंदगीत नाही पाहिला! सौसरच्या ठाण्याचा अख्खा स्टाफ आणतो पाहाले!"

पुंडलिकरावांनी आनंदाने कागद आणि पेन पुढे केले. "साहेब, तेवढा शेरा..."

केशवरावांनी पेन उघडले, टोक कागदावर टेकवले आणि ते थबकले.

"त्या माणसानं न पाहता सही केली असती काय?"

"थो... सिनेमातला जी..."

"आजवर म्या बसल्या जाग्यावर सह्या केल्या. पण आता नाही. टेप आणा!"

टेप आला. केशवरावांनी तंबू लांबीने मोजला, रुंदीने मोजला. दोर ओढून पाहिले, खुंट्या हलवून पाहिल्या.

"एवढ्या माणसाले दार एकच? दुसरं कुठी हाय?"

"कनात वर केली की दारच होते जी."

"वाळूच्या बादल्या?"

"वाळू काय, नदीच हाय बाजूले."

"नदी बादलीत पाहिजे!" केशवराव गरजले आणि उभ्याउभ्याच त्यांनी सुवाच्य अक्षरांत शेरा लिहिला: 'नियमाप्रमाणे व्यवस्था होईपर्यंत खेळ बंद.'

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पुंडलिकरावांना राहवले नाही.

"साहेब, खरं सांगू काय? थो फौजदार खरं म्हंजे..."

"देवमाणूस होता!" केशवराव म्हणाले आणि रुमाल डोळ्यांना लावून बाहेर पडले.

त्यांचा जयजयकार करीत गर्दी बाजाराकडे वळली. रिकाम्या तंबूत रडणारे आता एकटे पुंडलिकरावच उरले होते.