कॅमेरा जरा डावीकडे

मोठ्या संस्था मोठ्या राहाव्यात म्हणून छोट्या संस्थांनी झिजायचं असतं. हा निसर्गनियम अमेरिकेतल्या कॉलेज-बास्केटबॉलने नुकताच लेखी करून घेतला. पूर्वी कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला वर्षभर बाकावर बसावं लागे. ही क्रूर प्रथा आता बंद झाली. कॉलेज बदलण्यासाठीच्या इंटरनेट-पोर्टलवर नाव टाकायचं आणि नव्या कॉलेजातर्फे लगेच खेळायचं. सगळ्यांना समान संधी : मोठ्यांना घेण्याची, छोट्यांना देण्याची.

या दानधर्मात एल्क फोर्क कॉलेजने मोठं पुण्य जोडलं होतं. तिथला कोच गार्थ लिंडक्विस्ट पोरं घडवण्यात इतका पटाईत, की दर वसंतात त्याच्याकडे फक्त निष्ठावंत उरत. (निष्ठावंत म्हणजे ज्यांना कुणी बोलावलं नाही ते.)

"ज्या वर्षी शेवटचा नंबर येईल, त्या वर्षी घर सोड बाबा," कॉलेजच्या प्रमुखांनी प्रेमाने सांगितलं होतं. घर कॉलेजचं. त्यात गार्थ, त्याची बायको ब्रेना आणि दात येत असलेली इंग्रिड. तिघांपैकी झोप कुणालाच नव्हती.

सगळी भिस्त टोबिन मेब्रीवर होती. हा ताडमाड पोरगा आला तेव्हा दाराच्या चौकटीशिवाय कशालाच त्याचं डोकं लागत नसे. गावच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक घर एका खेळाडूला रविवारी जेवू घालतं. टोबिन ब्रेनाच्या वाट्याला आला. चिली (म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा) आणि दालचिनीचे गोड रोल खाऊन तो अंगाने भरला, आणि जानेवारीत ज्याची धास्ती होती तेच झालं. तो चांगला खेळू लागला.

"बाकावर बसव ना त्याला," ब्रेना म्हणाली.

"मग हरेन."

"आणि खेळवलास तर पळवतील."

"मग करू काय मी? तूच सांग!"

"तू काही करू नकोस. कॅमेरा माझ्याकडे आहे."

कॉलेजच्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण ब्रेना करत असे (पोर कडेवर, मानधन म्हणजे टाळ्या). त्या दिवसापासून टोबिन टोपलीकडे झेपावला की कॅमेरा शांतपणे डावीकडे वळे, प्रेक्षकांना रोल विकायच्या टेबलाकडे. प्रेक्षकांना फक्त गुण वाढताना दिसत. कोण वाढवतंय, हे देवालाच ठाऊक. रोलचा खप चाळीस टक्क्यांनी वाढला. संघ जिंकत होता आणि एकाही मोठ्या कॉलेजचा फोन नव्हता. छोट्या कॉलेजला यापेक्षा मोठं यश नाही.

एका रविवारी टोबिन रोल मोडत म्हणाला, "मिसेस एल, आई दर सामना बघते. दोन राज्यांपलीकडून, कामावरची सुट्टी टाकून."

"हो का? काय म्हणते?"

"म्हणते, रोल छान दिसतात."

ब्रेनाने इंग्रिडकडे पाहिलं. इंग्रिड चमचा फेकत होती. हा पराक्रम ब्रेनाने सकाळपासून तीनदा आपल्या आईला फोनवर दाखवला होता.

पुढच्या सामन्यात कॅमेरा हलला नाही. टोबिनने टोपलीत चेंडू असा कोंबला की फळी थरथरली. दोन राज्यांपलीकडे एक बाई रडली. प्लेन्स स्टेट विद्यापीठात मात्र कुणी रडत बसलं नाही, त्यांनी फोन लावला.

मोसम संपताच टोबिनने पोर्टलवर नाव टाकलं. "दगाबाज!" अख्खं गाव ओरडलं. (गावाच्या डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या प्लेन्स स्टेटच्याच टोप्या आहेत. तो वेगळा विषय.) प्लेन्स स्टेटकडे त्याच्यासारखे आणखी चार होते, म्हणून त्यांनी त्याला बाकावर बसवलं. जुनी प्रथा निदान वर्षभरात संपत असे.

टोबिनशिवाय पुढच्या वर्षी शेवटचा नंबर ठरलेलाच, म्हणून ब्रेना खोकी जमवू लागली. तेवढ्यात प्लेन्स स्टेटने गार्थलाही बोलावलं, बाकावरच्यांचा सहायक कोच म्हणून. एल्क फोर्कशी त्याचा करार अजून दोन वर्षांचा होता. तो दुपारच्या जेवणाआधी मोडला. कोचला पोर्टल लागत नाही. नियम विद्यार्थ्यांना शिस्त लागावी म्हणून असतात.

"तुम्हीसुद्धा?" शेजारीण कुंपणावरून म्हणाली.

"पोरीचं भलं बघायला नको का?" ब्रेना म्हणाली.

हे कारण ज्यांना पटलं नाही, त्यांनी खुशाल हात वर करावा. अट एकच : स्वतःचं पोर गावातल्याच शाळेत असावं.