कपडे काढून राहिले

गावंडेजी रोज सकाळी पावणेदहाला सायकलवरून ऑफिसात यायचे ते बनियन आणि हाफपँटवर. त्यांच्यातला साहेब मागे कॅरिअरवर झोपून यायचा. पांढरा शर्ट, काळी पँट आणि टाय दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट निजवलेले, वरून मेणकापड, त्यावर जुन्या ट्यूबचा पट्टा. उतरल्यावर ते आधी घाम पुसत नसत. पुठ्ठा चार बोटं उघडून आत डोकावत, दवाखान्यात पेशंटकडे पाहावं तसे.

"जितं हाय," म्हणत. मग माझ्याकडे वळून, "राऊत, घडी मोडली त गडी मोडला!"

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं याला हिशेब नाही.

बडनेरा रोडवरच्या लेआउटमधल्या त्यांच्या घरापासून अमरावतीच्या कॅम्पातल्या आमच्या विमा ऑफिसापर्यंत साताठ किलोमीटर. एवढ्या वाटेत गावंडेजींना भ्यायला काय काय असायचं! सायकलच्या साखळीचं ग्रीस. तारेवर बसलेले कावळे. टँकरनं नुकताच ओला केलेला रस्ता. संत्र्याच्या रसाची गाडी दिसली की ते दहा हात दुरून सायकल काढत. "गाडी काहून नाही घेत?" असं कोणी विचारलं की म्हणत, "इंजिनचा भरोसा नाही बाप्पा. हे इंजिन माह्यं सोताचं हाय, मी म्हनीन तवा थांबते."

पण खरी भीती ऑफिसात होती. विभागीय साहेब पुण्याला बसत आणि त्यांना कपड्यांचं वेड होतं. रोज बरोबर दहाला सगळ्या स्टाफचा टाय लावलेला फोटो ग्रुपवर गेलाच पाहिजे. मे महिन्यात अमरावतीत टाय लावून उभं राहणं म्हणजे काय, हे पुण्यात बसून कळत नाही. तरी आम्ही उभे राहायचो, आणि त्या फोटोत सर्वांत कडक गावंडेजीच दिसायचे. पँटच्या घडीवर बोट फिरवलं तर कापेल असं वाटे.

कपडे बदलायला जागा एकच, जुन्या फायलींची खोली. तिला कडी लागत नव्हती. म्हणून मी दारापुढे खुर्ची टाकून बसायचो. कोणी आलं तर? स्टाफमधल्या दोघींपैकी एखादी फाइल शोधत आली तर? आतून गावंडेजी कुजबुजत, "कोनी हाय का?" मी म्हणे, "कोणी नाही, लवकर करा."

एक गोष्ट आम्हाला कधी कळली नाही. संध्याकाळी सहाला ते पुन्हा त्या खोलीत जात, बनियन-हाफपँट चढवत आणि साहेबाला परत पुठ्ठ्यात निजवत. मी एकदा म्हणालो, "गावंडेजी, आता तर घरी चालले. आता कोण पाहून राहिलं?"

"पाहनारं घरीच हाय," ते म्हणाले. आम्ही हसलो. बायकोला भितात, असं ठरवून टाकलं.

आता ते सांगतो, जे मी ऑफिसात आजवर कुणालाच सांगितलं नाही.

एका सकाळी राजकमल चौकाजवळ त्यांच्या सायकलची साखळी उतरली. ते पोचले तेव्हा दहाला दोन मिनिटं होती. ते खोलीत शिरले, मी पळत येऊन फोटोत उभा राहिलो. फोटो गेला आणि लगेच पुण्याचा फोन वाजला. मीच उचलला.

"फोटोत गावंडे नाहीत. कुठे आहेत?"

"साहेब, ते कपडे काढून राहिले."

आमच्या वऱ्हाडात याचा अर्थ एवढाच, की काढताहेत, आत्ता येतील. पुण्याच्या कानाला मात्र वेगळंच ऐकू गेलं. कपडे काढले, आणि तसेच राहिले.

"काढून राहिले? ऑफिसात?"

"हो साहेब. रोजच."

"रोज? अहो, तिथे लेडीज स्टाफ आहे ना?"

इथं मला समजलं. मी दोन वर्षं पुण्यात नोकरी केलेला माणूस. "जेवून राहिलो" म्हटलं की खोलीतली पोरं कशी हसत, हे मला चांगलं ठाऊक होतं. "पुठ्ठ्यातून", एवढा एकच शब्द पुरे होता. तो जिभेवर आला होता. पण त्याच महिन्यात आमच्या दोघांपैकी एकाला शाखाप्रमुख करायचं होतं.

मी म्हणालो, "आहे साहेब. दोघी आहेत."

आठ दिवसांत गावंडेजींची अकोल्याला बदली झाली. पत्रात "कार्यालयीन शिष्टाचार" एवढंच लिहिलं होतं. ते पत्र घेऊन ते माझ्याकडे आले. मला वाटलं, संपलं, यांना समजलं. त्यांनी दार लोटलं, आवाज खाली केला आणि विचारलं, "राऊत, खरं सांग भाऊ. माह्या अंगाले घामाचा वास येते का?"

मी म्हणालो, "थोडा."

मला मिळालेल्या शाखाप्रमुखाच्या केबिनमधून फायलींच्या खोलीचं दार समोरच दिसतं. पावणेदहा झाले की मी तिकडे पाहत नाही. पाहिलं तर आतून कुणी कुजबुजेल असं वाटतं.

आठ महिन्यांनी, मनावरचं ओझं फार झालं तेव्हा, मी एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ते यायचे होते. दार उघडंच होतं. वैनी टेबलाशी खुर्चीत बसून उद्याचा शर्ट इस्त्री करत होत्या. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा ठेवल्यासारखा. लकवा. सगळं काम डाव्या हातानं. एक बाही व्हायला दहा मिनिटं लागत होती.

"बसा भाऊजी," त्या म्हणाल्या. शब्द जड येत होते. "माह्याच्यानं दुसरं काई होत नाही. हे तेवढं होते."

तेवढ्यात फाटक वाजलं. गावंडेजी आले. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वे, तिथून सायकल. अंगात तीच हाफपँट. मला पाहून हसले, पण आधी वैनींसमोर पुठ्ठा उघडला. वैनींनी डावा तळवा पँटच्या घडीवरून वरून खाली फिरवला.

"मोडली नाही?"

"तुही इस्त्री मोडते का कधी?"

निघताना ते फाटकापर्यंत आले. हळूच म्हणाले, "गाडीत लय गर्दी असते. पुठ्ठा चेपते. बडनेऱ्याले टेसनाबाहीर एक प्रेसवाला हाय, येताना त्याच्याकून घडी मारून घेतो. तिले नोको सांगजो."

मी सगळं सांगून टाकलं. फोन, पुण्याचा साहेब, माझं "रोजच" आणि "दोघी".

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पन तू त बराबरच सांगतलं ना. मी पुठ्ठ्यातून कपडे काढूनच राहिलो होतो."

"गावंडेजी, मला माहीत होतं तो काय समजला ते."

त्यांनी फाटकाच्या कडीवर हात ठेवला. मी म्हणालो, "आणि वास येत नव्हता. कधीच नाही."

यावर मात्र ते फाटकाची कडी उघडत-लावत राहिले. "नव्हता येत?" म्हणाले. "अन् मी आठ महिने झाले, डब्यावर डबे पावडर लावून राहिलो. आगगाडीतबी लोकायपासून दूर उभा राहतो." हसायला गेले, पण ते नीट जमलं नाही.

आतून वैनींनी हाक मारली. ते वळले, पुन्हा थांबले. हात पुढे आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. आता बसणार, असंच वाटलं. त्यांनी माझी दुमडलेली कॉलर सरळ केली, दोन बोटांनी दाबून बसवली.

"घडी मोडली तुही," म्हणाले, आणि आत गेले.

घरी पोचेपर्यंत मी त्या कॉलरला हात लावला नाही.